चांदी खरी, रुपया खोटा

१६७४ च्या उन्हाळ्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडाकडे निघाला, तेव्हा तो चौलहून अष्टमीला आला आणि निजामपूरच्या वाटेने पुढे गेला. ही अष्टमी म्हणजे आमच्या रोह्याची बहीण. आजही नगरपरिषदेच्या पाटीवर दोन्ही गावांची नावे जोडीने नांदत असतात. ऑक्झिंडेन राज्याभिषेकाला हजर होता, त्याने महाराजांना नजराणा दिला, हे आपण शाळेत वाचतो. परंतु तो केवळ मुजरा करायला आला नव्हता. त्याच्या गाठोड्यात तहाची कलमे होती, आणि त्यातले एक कलम नाण्यांसंबंधी होते. इंग्रजांची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत, अशी कंपनीची मागणी होती.

जॉन फ्रायर नावाच्या इंग्रज वैद्याने १६९८ साली छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथात या वकिलातीची हकीकत दिली आहे. त्या कलमाला महाराजांकडून मिळालेले उत्तर मला फार मार्मिक वाटते. कोणतेही नाणे चालण्यास आमची मनाई नाही. पण ज्यात रयतेला तोटा बसेल असे नाणे घेण्याची सक्तीही आम्ही तिच्यावर करणार नाही. तुमचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतके कसदार आणि वजनदार असेल तर ते आपोआप चालेल, असा त्या उत्तराचा आशय आहे. म्हणजे शिक्का कोणाचा, हा प्रश्न दुय्यम. कस आणि वजन, एवढ्या दोन गोष्टी पाहायच्या. नाण्याची याहून सरळ व्याख्या एखाद्या अर्थशास्त्र्याला तरी करता येईल की नाही, मला शंका आहे.

या व्याख्येची मला अलीकडे वारंवार आठवण होते, आणि तीही एका विचित्र निमित्ताने. मी रोह्यास पुष्कळ वर्षे इतिहास शिकवला, आणि आता पेणला मुलाकडे असतो. जुन्या नाण्यांचा नाद मला तरुणपणापासून आहे. पूर्वी कोणी दाराशी आले तर रुमालात बांधलेले नाणे घेऊन येई. आता येणारा माणूस मोबाइल पुढे करतो. काचेवर एका रुपयाचे चित्र असते, खाली किंमत असते, आणि प्रश्न असतो, “सर, घेऊ का?” नाणे शेकडो कोस दूर कोणाच्या तरी खिशात असते. त्याचे वजन हाताला लागत नाही, त्याचा नाद कानाला कळत नाही. महाराजांनी सांगितलेल्या दोन्ही कसोट्या त्या काचेपलीकडे राहिलेल्या असतात. अशा वेळी काय पाहायचे, हा आजचा विषय.

त्याआधी आपल्या वाडवडिलांची पारख कशी चाले, हे थोडे पाहिले पाहिजे. कोकणच्या किनाऱ्यावर त्या काळी नाण्यांची नुसती जत्रा होती. मोगली रुपये होते, होन होते, पोर्तुगिजांची नाणी होती, आणि लारी नावाचे एक मोठे गमतीचे नाणे होते. इराणातील लार गावावरून नाव मिळालेली ही लारी म्हणजे चांदीची तार मध्ये दुमडून तिच्यावर ठसा मारलेली. बायकांच्या केसांतल्या आकड्यासारखी ती दिसे. तिच्यावरची अक्षरे वाचण्याची कोणाला गरजच नव्हती. तार कापून आतली चांदी पाहिली की काम झाले. पुढे पेशवाईत तर टाकसाळी ठिकठिकाणी निघाल्या. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी अमलातील टाकसाळींवर एक निबंध लिहिला आहे. बाळाजी बाजीरावांच्या कारकीर्दीत नागोठणे आणि रेवदंडा येथे टाकसाळ घालण्याचे परवाने खाजगी माणसांना दिले गेले, असे त्यात नमूद आहे. नागोठणे म्हणजे आजच्या रोहे तालुक्यातले अंबा नदीकाठचे गाव. तेथून रोज हजारो माणसे गाडीने जातात; येथे एके काळी नाणी पाडली जात, याचा कोणाला पत्ताही नसतो.

टाकसाळ खाजगी माणसाच्या हाती देणे आजच्या वाचकाला धक्कादायक वाटेल. पण त्या व्यवस्थेला एक पहारेकरी होता, आणि तो म्हणजे सराफ. कोणत्या गावच्या, कोणत्या सालच्या रुपयाला किती बट्टा द्यायचा, हे त्याच्या जिभेवर असे. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, सुरती अशा नावांनी रुपये ओळखले जात, आणि प्रत्येकाचा भाव निराळा. सराफ रुपया हातात घेई, अंगठ्याच्या नखावर उडवी, दगडी फरशीवर टाकून नाद ऐके, संशय आला तर छिन्नीने लहानसा छेद घेई किंवा कसोटीवर ओढी. पारखून झाल्यावर कित्येकदा तो आपला बारीक ठसाही त्यावर मारी. जुन्या रुपयांवर चंद्रकोर, चांदणी, एखादे फूल असे जे ठसे दिसतात ते बहुधा या सराफांचे. हौशी संग्राहक त्यांना डाग म्हणतो आणि किंमत कमी करतो. मला ते एखाद्या जुन्या दस्तऐवजावरच्या साक्षीदारांच्या सह्यांसारखे वाटतात. आपल्या भाषेने तर ही सगळी पेढीच जशीच्या तशी सांभाळून ठेवली आहे. बंदा रुपया, हिणकस माल, खणखणीत बोलणे, नाणे वाजवून घेणे, हे शब्द आपण रोज वापरतो; बद्द वाजणाऱ्या रुपयाचा आवाज मात्र आता कोणाच्या कानाला माहीत नाही.

मग १८३५ साल आले. कंपनी सरकारने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. आजच्या हिशेबात ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी आणि एक भाग मिश्रण. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. हा रुपया चौथ्या विल्यमपासून सहाव्या जॉर्जपर्यंत, शंभरावर वर्षे, याच वजनाचा आणि याच कसाचा राहिला. तो इतका भरवशाचा की सोनार आणि वाणी त्यालाच वजन म्हणून वापरीत. ‘रुपयाभार’ हा शब्द त्यातूनच आला. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर जो राणीछाप रुपया आपण ठेवतो तो हाच.

एवढ्या काटेकोर नाण्याची परीक्षा घरच्या घरी करणे अजिबात कठीण नाही, आणि मी ती प्रत्येकाला शिकवतो. सोनाराकडे असतो तसा लहान विजेचा काटा आता थोडक्या पैशांत मिळतो. रुपया पुष्कळ झिजला असेल तर वजन थोडे उतरेल; पण झिजलेला रुपया ११.६६ पेक्षा स्पष्टपणे जड भरू लागला, तर शंका धरावी. नंतर पाण्याने भरलेला पेला काट्यावर ठेवावा, आकडा शून्यावर आणावा, आणि दोऱ्याला बांधलेला रुपया पेल्याच्या तळाला किंवा भिंतीला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवावा. पूर्ण वजनाचा खरा रुपया असेल तर काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवील. जर्मन सिल्व्हरचा तेवढ्याच वजनाचा तोतया असेल तर आकडा १.३ च्याही वर जाईल, कारण ती धातू हलकी, म्हणून तेवढ्या वजनाला जागा जास्त लागते. आर्किमिडीजने राजाच्या मुकुटासाठी काढलेली ही युक्ती रुपयालाही तितकीच लागू पडते. लोहचुंबकाचा प्रयोग मात्र लोकांना वाटतो तितका निर्णायक नाही. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरे. पण पितळ, तांबे आणि शिसेही चिकटत नाहीत. उलट १९४७ चा वाघाच्या चित्राचा रुपया चिकटतो, कारण तो शुद्ध निकेलचा आहे. चकचकीत करून तो चांदीचा म्हणून खपवणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यापुरता चुंबक कामाचा आहे.

दुसरी परीक्षा पेणकरांना मी त्यांच्याच धंद्यातून सांगतो. आमच्या गावाच्या गणपतींची कीर्ती सर्वत्र आहे, आणि साच्यातून निघालेली मूर्ती कशी दिसते हे येथल्या पोरालाही ठाऊक असते. साच्याचे दोन भाग जेथे जुळतात तेथे एक बारीक रेघ उमटते. कारागीर ती ओल्या कापडाने, पत्र्याने घासून काढतो, तेव्हा मूर्तीला रंग चढतो. खरा रुपया साच्यात ओतलेला नसतो, तो दोन ठशांमध्ये दाबून पाडलेला असतो. त्यामुळे त्याच्या कडेला सांध्याची रेघ असू शकत नाही. ओतीव तोतयाला ती असते, आणि ती कानशीने घासली की तेवढ्या जागेवरच्या उभ्या खाचा पुसट होतात. शिवाय ओतीव नाण्याच्या सपाट भागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात आणि अक्षरांचे कोपरे साबणाच्या वडीवरच्या नावासारखे गोलावतात. कारखान्यात बसून मूर्तीचे डोळे लिहिणाऱ्या एका कारागिराला मी भिंगाखाली दोन रुपये दाखवले. त्याने नाणकशास्त्राचे एक अक्षर न वाचता क्षणात सांगितले, “हा आमच्यातला.”

येथवर सगळे सोपे आहे. कस, वजन, घडण या तीन गोष्टींवर तांब्यापितळेचा तोतया पकडता येतो. पण खोट्या रुपयाच्या इतिहासात १८९३ साली एक असे वळण आले की त्यानंतर महाराजांची ती सरळ व्याख्या पुरी पडेनाशी झाली.

तोवर कोणीही टाकसाळीत चांदी नेऊन द्यावी आणि थोड्या खर्चात रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती. त्यामुळे रुपयाची किंमत आणि त्यातल्या चांदीची किंमत हातात हात घालून चालत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत जर्मनीसारख्या देशांनी चांदी सोडून सोने धरले, अमेरिकेतल्या खाणींतून चांदीचा पूर आला आणि जगभर चांदी घसरली. तिच्याबरोबर आपला रुपयाही घसरला. विलायतेला दरसाल सोन्यात पैसे पाठवणाऱ्या हिंदुस्थान सरकारच्या पोटात गोळा उठला. हर्शेल समितीच्या शिफारशीवरून १८९३ मध्ये टाकसाळीचे दार लोकांना बंद झाले, आणि पुढे रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सांवर बांधला गेला. चांदी मात्र उतरतच राहिली. १९०२ च्या सुमारास रुपयातली चांदी रुपयाच्या निम्म्याहून थोड्याच अधिक किमतीची उरली होती.

याचा अर्थ काय झाला, हे नीट लक्षात घ्यावे. आता एखाद्याने पूर्ण वजनाचा, पूर्ण कसाचा, अस्सल चांदीचा रुपया घरी पाडला, तरी त्याला दर रुपयामागे सहा-सात आणे सुटणार होते. पितळेची गरज नाही, शिशाची गरज नाही. सराफाने तो वाजवला तर खणखणीत वाजेल, तोलला तर तोळाभर भरेल, कापला तर आत पांढराशुभ्र निघेल. आणि तरी तो खोटा. हे भय त्या काळच्या चलनविषयक चर्चांत उघड बोलून दाखवले गेले होते. शतकानुशतके ‘खोटे नाणे’ म्हणजे ‘खोटी धातू’ हे समीकरण होते. ते येथे तुटले.

पुढे चलनातला चांदीचा रुपयाच गेला, आणि हा प्रश्नही गेला असे वाटले. वस्तुतः तो गेला नाही, वेष पालटून बसला. आज त्याच रुपयाला संग्राहक त्यातल्या चांदीच्या कितीतरी पट किंमत देतात, म्हणजे परिस्थिती पुन्हा १९०२ चीच आहे. फरक इतकाच की तेव्हा जास्तीची किंमत सरकारी शिक्क्याला होती, आता ती सालाला आहे. आणि जेथे किंमत तेथे चोर.

दोन वर्षांपूर्वी रोह्याच्या एक निवृत्त शिक्षिकाबाई माझ्याकडे आल्या. त्यांनी मोबाइलवरून एक रुपया मागवला होता, सहाव्या जॉर्जचा, १९३९ सालचा. हा रुपया आज अत्यंत दुर्मीळ आहे. तो पाडला गेला, पण युद्धाच्या गडबडीत बहुतेक माल टाकसाळीबाहेर न पडता वितळला. बाईंच्या हे वाचनात आले होते. सासूबाईंच्या पेटीत लाल फडक्यात बांधलेले ४० जुने रुपये होते. ते त्यांनी वजनावर मोडले, आणि आलेल्या पैशांत आणखी थोडी भर घालून हा एक घेतला. नातीच्या शिक्षणाला उपयोगी पडेल, हा हिशेब. घेतल्यावर मनाला रुखरुख लागली म्हणून पेढीवर नेऊन तपासलाही. सराफाने कसोटीवर ओढून सांगितले होते की चांदी उत्तम आहे.

मी रुपया काट्यावर ठेवला. ११.६ भरला. पाण्यात बुडवला. ठीक. कडेच्या खाचा स्वच्छ आणि अखंड. मग भिंग घेतले. १९३९ या आकड्यात दोन नऊ येतात. टाकसाळीच्या ठशात एकाच हाताने कोरलेली ती दोन भावंडे. त्यांचे डोके, पोट आणि शेपूट सारखे असायला हवे. येथे पहिल्या नवाची शेपूट डौलात वळलेली होती आणि शेवटच्या नवाची आखूड, जरा लंगडी. तिच्या डाव्या अंगाला, सपाट जागेवर, बोटाच्या नखाएवढाही नाही असा एक ठिपका आजूबाजूपेक्षा अधिक चमकत होता. तेथे कोणीतरी कोरणीने खरवडले होते. १९३८ च्या रुपयातल्या आठाच्या खालच्या कड्याचा डावा भाग काढला की नऊ होतो. तेवढेच काम केले होते, आणि हात चांगला होता.

“पण सराफ तर म्हणाला चांदी खरी आहे!” बाई म्हणाल्या.

“चांदी खरीच आहे, बाई. राजा खरा आहे, टाकसाळ खरी आहे.”

“मग खोटं काय आहे यात?”

“साल.”

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, की मोडलेल्या ४० रुपयांची साले त्यांनी लिहून ठेवली नव्हती. त्यांत एखादा चांगला असेल का? मला काय सांगावे ते सुचले नाही. असू शकेल, असे म्हणालो. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही.

बाईंच्या मोबाइलवर त्या रुपयाची दोन छायाचित्रे अजून होती. ती मी मोठी करून पाहिली. राजाचा चेहरा समोरून, लख्ख; सालाची बाजू मात्र तिरपी धरलेली आणि प्रकाश असा की शेवटचा आकडा झळाळीत बुडालेला. कडेचे चित्र नव्हतेच. त्या दिवसापासून मी विचारायला येणाऱ्याला प्रथम सांगतो की विकणाऱ्याकडून सालाचे जवळून, सरळ वरून, दिवसाच्या उजेडात काढलेले चित्र मागा, कडेचे मागा, रुपया काट्यावर ठेवून आकड्यासह मागा, आणि माल पटला नाही तर परत घेण्याची अट लिहून घ्या. खऱ्या व्यापाऱ्याला याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याशी व्यवहारच नको. तेच चित्र दुसऱ्या कोणाच्या जाहिरातीत तर नाही ना, हेही पाहावे. एकाच रुपयाचे चित्र, त्याच ओरखड्यासकट, तीन निरनिराळ्या गावांच्या विक्रेत्यांनी लावलेले मी पाहिले आहे.

१९३९ च्या पुढच्या रुपयाची गोष्टही येथेच सांगून टाकतो, कारण तिचा धागा रोह्याशी जुळतो. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि इकडे लोकांनी नोटा देऊन रुपये घ्यायला रांगा लावल्या. घेतलेला रुपया मडक्यात गेला. सरकारने एक रुपयाची नोट पुन्हा काढली, आणि १९४० च्या अखेरीस रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. ५० भाग चांदी, ४० भाग तांबे, ५ भाग निकेल, ५ भाग जस्त. नक्कल करणे अवघड जावे म्हणून त्याच्या कडेला खाचांच्या मधोमध एक नक्षीची पन्हळ घातली. ही पन्हळ १९३९ पर्यंतच्या रुपयाला नाही. त्याच सुमारास जुने कसदार रुपये परत घेणे सुरू झाले. १९४१ मध्ये राणीचे, १९४२ मध्ये एडवर्डचे, १९४३ मध्ये दोन्ही जॉर्जांचे रुपये कायदेशीर चलन राहिले नाहीत. १९४१ पासून रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर आणि ऑगस्ट १९४३ पासून तिचे पहिले भारतीय गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, ज्यांचे बालपण रोह्यात गेले. युद्धकाळात अमेरिकेने उसनी दिलेली सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी परत करायची होती, म्हणून युद्धानंतर निकेलचा रुपया आला आणि चांदीचे रुपये भट्टीत गेले. ज्या सालचे रुपये आज मिळत नाहीत ते का मिळत नाहीत, याचे उत्तर असे कोठेतरी इतिहासात असते. ते ठाऊक असलेला माणूस सहसा फसत नाही.

उदाहरणार्थ, १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावरील हाराच्या पदकात एक चिमुकला हत्ती होता. खोदणाऱ्याने त्याची सोंड इतकी आखूड कोरली की लोकांना तो डुक्कर वाटला. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही तो विटाळ! पाडलेल्या ९० लाखांहून अधिक रुपयांपैकी सुमारे ७ लाखच बाहेर गेले होते. बाकीचे वितळवले, आणि १९१२ मध्ये हत्तीला नीट सोंड आली. आता बाराच्या दोनाचा एक करणे कोणाही सोनाराला जमेल. पण त्या रुपयावरचा हत्ती १९१२ चाच राहणार, त्याची सोंड त्याला आखूड करता येत नाही. साल पाहू नये, हत्ती पाहावा. राणीच्या रुपयाचेही तसेच. १८६२ ते १८७६ च्या सालांचे रुपये ‘व्हिक्टोरिया क्वीन’चे, आणि १८७७ पासून, म्हणजे राणीने सम्राज्ञीपद धारण केल्यावर, ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’चे. १८७० चा ‘एम्प्रेस’ तुम्हाला कोणी विकू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

काही नाणी तर अशी विकली जातात की त्यांचा खरा भाऊ कधी जन्मलाच नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे म्हणून रामपंचायतनाचे, हनुमंताचे नाणे, त्यावर १८१८ किंवा त्याहूनही जुने साल आणि इंग्रजीत ‘हाफ आना’. कंपनीने देवादिकांचे असे नाणे कधीही पाडले नाही. त्या नाण्याकडे तांदळाचे दाणे ओढले जातात अशी आवई उठवून ‘राइस पुलर’ या नावाने लाखो रुपये उकळणाऱ्या टोळ्या आपल्याकडे होऊन गेल्या आहेत. मुलखाचा अभिमानही असाच बाजारात मांडला जातो. शिवछत्रपतींची म्हणून सर्वमान्य असलेली नाणी दोन, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’. चांदीची शिवराई ‘रायगडच्या पायथ्याशी सापडलेली’ म्हणून मोबाइलवर सर्रास दिसते. रायगड आमच्याच जिल्ह्यात आहे, म्हणून या जाहिराती पाहून मला अधिकच संताप येतो.

‘सापडलेली’ या शब्दापाशी तर थांबलेच पाहिजे. शेत नांगरताना हंडा लागला, जुने घर पाडताना मडके निघाले, ही कथा बहुतेक जाहिरातींत असते. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून जिवंत आहे. जमिनीत दडलेले १० रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. म्हणजे कथा खोटी असेल तर नाणे संशयास्पद, आणि कथा खरी असेल तर विक्री संशयास्पद. दोन्ही बाजूंनी आपण हात राखून असावे. याच्या उलटचीही फसवणूक आहे. तुमचे जुने नाणे लाखोंना घेतो, फक्त आधी नोंदणीचे शुल्क भरा, असा फोन येतो, आणि फोन करणारा खुशाल रिझर्व्ह बँकेचे नाव घेतो. बँकेने ऑगस्ट १९२१ मध्ये नव्हे, अगदी परवा, ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितले आहे की अशा व्यवहारांशी तिचा काडीचा संबंध नाही आणि ती त्यासाठी कसलेही शुल्क मागत नाही.

खोटेपणाचा एक सौम्य प्रकारही आहे, त्याला गुन्हा म्हणणे मला जड जाते. आपल्याकडे रुपयांना कडी लावून माळ करण्याची चाल होती. डोंगरवाड्यांतल्या बायकांच्या गळ्यात अशा माळा असत. माळ मोडली की कडी काढतात, डाखाची जागा घासतात, आणि रुपया पुन्हा नवरदेवासारखा सजून बाजारात येतो. बाराच्या काट्याच्या जागी, मुकुटाच्या वर, कडेच्या खाचा जरा बुजलेल्या दिसल्या तर तेथे कडी होती असे समजावे. असा रुपया खराच असतो, फक्त त्याची संग्राहकाच्या लेखी किंमत पुष्कळ कमी. चिंच किंवा रांगोळी लावून लख्ख घासलेल्याचेही तेच. शंभर वर्षांच्या चांदीवर जी सावळी झाक चढते ती घासून परत आणता येत नाही. जुना रुपया आरशासारखा चमकत असेल तर तो एक तर घासलेला असतो, नाहीतर नवा.

आणि नवे राणीछाप रुपये तर आपणच दर दिवाळीला घेतो. धनत्रयोदशीला पेढ्यांवर शुद्ध चांदीची नाणी मांडलेली असतात, काहींवर लक्ष्मी, काहींवर हुबेहूब राणी किंवा जॉर्ज. विकणारा ती नवी म्हणूनच देतो, घेणारा तशीच घेतो, कोणी कोणाला फसवत नाही. पण ती त्याच पेटीत, त्याच लाल फडक्यात, आजीच्या रुपयांशेजारी जाऊन बसतात. तीस-चाळीस वर्षांनी ती पेटी उघडणाऱ्याला कोणते कोणते, हे सांगणार कोण? आमच्या घरी मी नव्या नाण्यांची पुडी निराळी बांधतो आणि दुकानाची पावती तिच्यातच घालतो. जुन्या २३ रुपयांची यादी सालवार लिहून, प्रत्येकाचे वजन पुढे मांडून, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. यंदा सूनबाईने ती वाचली आणि विचारले, की १९०७ च्या पुढे ‘कडी होती’ असे का लिहिले आहे.